रिसीव्हर घ्यायच्या आधी एवढं करून ठेवा

पहिला एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही, प्लेअर, कन्सोल जोडून सगळे स्पीकर चालवणारा डबा, घ्यायचा म्हटलं की सगळे आधी वॉट बघत बसतात, मीही तेच केलं होतं. खरं तर रिसीव्हर सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी टेप घ्या आणि टीव्हीखालचं कपाट मोजा, कारण बहुतेक रिसीव्हर 43-44 सेंटिमीटर रुंद असतात आणि मागेपर्यंतची खोली 30 सेंटिमीटरच्या वर जाते, त्यात मागून वायरी निघतात म्हणजे अजून चार-पाच बोटं जागा लागतेच. वरून हवा खेळायला पाहिजे, त्याच्या डोक्यावर सेटटॉप बॉक्स ठेवणार असाल तर तो विचार आत्ताच सोडा.

मग टीव्हीच्या मागे मान घालून मोबाईलने फोटो काढा. कुठल्या एचडीएमआय पोर्टवर आर्क (ARC) लिहिलंय की ईआर्क (eARC), ते बघा; आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीने रिसीव्हरला पाठवायची सोय, आणि ईआर्क ही तिची जास्त डेटा नेणारी नवी आवृत्ती. साध्या आर्कवरून ॲपमधला ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा सराउंड) बहुतेक वेळा येतो, पण ब्ल्यू-रेवरचा ट्रूएचडी (डॉल्बीचाच, दर्जा न घटवलेला आवाज) येत नाही, त्याला ईआर्क हवा किंवा मग प्लेअर सरळ रिसीव्हरलाच जोडायचा. ऑप्टिकल केबलवर तर ॲटमॉस विसराच. कन्सोलवर 4के चित्र, सेकंदाला 120 फ्रेम असे गेम खेळत असाल तर रिसीव्हरचे नेमके किती पोर्ट ते पास करतात हे स्पेसिफिकेशनच्या पानावर शोधा, एंट्री लेव्हलमध्ये इथेच हात आखडता घेतलेला असतो. नसेल पास करत तर कन्सोल टीव्हीला लावा आणि आवाज ईआर्कने खाली आणा, एवढ्यासाठी वरचं मॉडेल घ्यायची गरज नाही.

स्पीकर किती लावणार ते प्रामाणिकपणे ठरवा. 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, पुरत असेल तर पाच चॅनलचा रिसीव्हर बास झाला, पण उद्या छतावर दोन लावायची खाज असेल तर 5.1.2 होतं आणि त्याला सात चॅनल लागतात, ते नंतर वाढवता येत नाहीत. मागच्या स्पीकरपर्यंत वायर कुठून जाणार, दरवाजा मध्ये येतो का, हे सुतळी टाकून मोजा आणि थोडी जास्तच धरा.

आता वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बऱ्याचदा एकच चॅनल चालू, 6 ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), 1 किलोहर्ट्झचा एकच सूर आणि 10 टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटलेला, अशा मोजणीवरचा असतो, म्हणजे नुसता दिखावा. 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू असा जो छोटा आकडा कोपऱ्यात लिहिलेला असतो तो धरा. आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलच वाढतो, त्यामुळे 87 ऐवजी 90 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो त्याचा आकडा) स्पीकर घेतलात तर तेवढंच फुकटात मिळतं. स्पीकर 4 ओहमचे असतील तर मात्र रिसीव्हर ते चालवतो का हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या.

रूम करेक्शनचा, म्हणजे खोलीनुसार आवाज आपोआप जुळवून घ्यायचा, माईक सोबत येतो का तेही बघा. सेटअपच्या दिवशी तो सोफ्याच्या पाठीवर नाही, स्टँडवर, कानाच्या उंचीला ठेवायचा, आणि पंखा बंद. स्पीकर छोटे असतील तर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झपासून सुरू करा, खालचं सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर, बघून घेईल.

वायर सोलायला धारदार कटर आणि थोडा धीर जवळ ठेवा. माझा रिसीव्हर पहिल्याच संध्याकाळी टक करून बंद पडला, परत चालू केला, परत टक. पीस खराब निघाला म्हणून मी तो परत खोक्यात भरायला घेतला होता, तेव्हा टॉर्च मारून बघितलं तर सेंटरच्या लाल टर्मिनलमधून तांब्याची केसाएवढी एक तार बाहेर येऊन काळ्याला टेकून शॉर्ट होत होती. तेव्हापासून वायरीच्या टोकाला बनाना प्लगच (तारा आत बंद ठेवणारी धातूची पिन) लावतो.