राजा बदलल्यावर साहित्यातले बदल कसे तपासावेत

नवा राजा गादीवर आल्यावर लेखकांनी काय बदलले हे पाहायचे असेल, तर स्तुतिकाव्यांपासून सुरुवात करू नये. ती प्रत्येक राज्यारोहणाला लिहिली जातात आणि त्यांतला उगवता सूर्य व परतलेले सुवर्णयुग ठरलेलेच असते. आधी आश्रय कोणाकडे गेला ते शोधावे. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ २४ मार्च १६०३ रोजी वारली आणि १९ मेच्या शाही सनदेने शेक्सपिअरची नाटकमंडळी, जी तोवर लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याच्या आश्रयाखाली होती, ती थेट नव्या राजा जेम्सची झाली.

त्यानंतर लेखकाने मूळ कथेत काय फिरवले, हे आधारग्रंथाशी ताडून पाहावे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाचा आधार असलेल्या होलिनशेडच्या इतिहासात बँको हा सरदार राजाच्या खुनात मॅकबेथचा साथीदार आहे. शेक्सपिअरच्या नाटकात मात्र त्या खुनात त्याचा हात नाही, कारण जेम्सचे घराणे आपला वंश याच बँकोपर्यंत नेत असे. एवढ्यावरून खुशामतीचा शिक्का मारण्याची घाई करू नये. नाटकातल्या बँकोला मॅकबेथचा संशय येतो, तरी तो उघडपणे काही बोलत नाही. आपल्या वंशजांना राज्य मिळेल ही आशाही त्याला आहेच. राजाच्या पूर्वजाचे हे चित्र वाटते तितके गुळगुळीत नाही.

लेखकाच्या निष्ठेचा निवाडा एका कवितेवरून करू नये, सगळी कारकीर्द समोर ठेवावी. इंग्रज कवी ड्रायडनने १६५९ मध्ये राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलवर शोककाव्य छापले आणि १६६० मध्ये गादीवर परतलेल्या राजा दुसऱ्या चार्ल्सचे स्वागत केले, म्हणून तो संधिसाधू ठरवला जातो; पण राजा दुसऱ्या जेम्सला हटवणाऱ्या १६८८ च्या क्रांतीनंतर नव्या राज्यकर्त्यांची शपथ न घेतल्यामुळे त्याने राजकवीपद गमावले, हे सहसा सांगितले जात नाही.

शेवटी अर्पणपत्रिका आणि चित्रेही तपासावीत, कारण तिथे प्रकाशकाचा व्यवहार दिसतो. ड्रायडनने केलेला रोमन कवी व्हर्जिलचा अनुवाद १६९७ मध्ये निघाला, तेव्हा तो त्या क्रांतीने गादीवर आलेल्या राजा तिसऱ्या विल्यमला अर्पण व्हावा अशी प्रकाशक टॉन्सनची इच्छा होती. ड्रायडन बधला नाही; तेव्हा टॉन्सनने जुन्या चित्रांच्या ठशांत फेरफार करून काव्याचा नायक ईनिअस याचे नाक विल्यमसारखे बाकदार करून घेतले.