फ्रीलान्स डिझायनरने खर्च कसा कमी करावा: आधी रिप्रिंट थांबवा

खर्च कमी करायचा म्हटलं की बहुतेकांची कुऱ्हाड सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर पडते. पण लातूर, नांदेड, परभणीकडे लग्नपत्रिका, क्लासची हँडबिलं आणि कृषी सेवा केंद्रांचे फ्लेक्स करणाऱ्याचा पैसा गळतो तो परत छापाव्या लागलेल्या कामात. हजार पत्रिका पुन्हा छापल्या की डिझाइनची मजुरी तर गेलीच, वर कागद आणि छपाईच्या प्लेटाही खिशातून. वर्गणीचं नंतर बघू.

तीन महिन्यांचे यूपीआय आणि बँकेचे व्यवहार काढून चार रकाने करा: सॉफ्टवेअर, वीज-इंटरनेट, छपाई, रिप्रिंट. शेवटचा रकाना सहसा कुणी मांडतच नाही.

मराठी मजकूर प्रेसला देताना

सगळी गोची इथेच होते. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो. मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या युनिकोड मराठीचं दुखणं वेगळं. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर उचलून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत टाकला की पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ मोडतो.

‘फाइलसोबत फॉन्ट पाठवून द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. प्रेसवरचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर फॉन्ट असूनही अक्षरं फुटतात, आणि विकतचा फॉन्ट असा वाटणं परवान्यातही बसत नाही. अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या चित्रासारख्या रेषा करा, मग फॉन्ट लागतच नाही. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. त्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा, कारण कर्व्ह झालेला मजकूर परत टाइप करता येत नाही. ऐनवेळी ‘काकांचं नाव राहिलं’ असा फोन येतोच. तेव्हा कर्व्हच्या फाइलमध्ये इकडून-तिकडून अक्षरं उचलून ठिगळ लावू नका. मूळ फाइल दुरुस्त करा आणि नव्याने कर्व्ह करा. रिप्रिंटची बरीच कारणं या ठिगळांत सापडतील.

मंजुरी लेखी घ्या. पीडीएफ व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि अनुस्वार दिसत नाहीत. वार, तारीख आणि तिथी एकमेकांशी जुळतात का ते कॅलेंडर उघडून बघा. मोबाइल नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचा. ‘मंजूर, छापा’ असं उत्तर आल्याशिवाय फाइल प्रेसला जाता कामा नये. दोन दुरुस्त्या मजुरीत, तिसरीपासून पैसे, आणि मंजुरीनंतरची चूक ग्राहकाची, हे काम घेतानाच सांगा. नात्यातलं काम असलं तरी सांगा.

सॉफ्टवेअर बदलण्याआधी

नवं सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असो, आधी त्यात ही ओळ टाइप करा: ‘श्री क्षेत्र तुळजापूर, दुसऱ्या विद्यार्थ्याचा विठ्ठल’. ओळीला अर्थ नाही, पण मराठीची अवघड वळणं तीत आहेत. एक जरी अक्षर फुटलं तर ते सॉफ्टवेअर फुकट असूनही महाग. इलस्ट्रेटरमध्ये फुटत असेल तर बदलायची घाई नको. परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये साउथ एशियन कंपोझर निवडला की बहुधा सुधारतं.

इंकस्केप मोफत आहे आणि मराठी नीट दाखवतं. अडचण रंगाची. त्याची पीडीएफ आरजीबी असते, म्हणजे स्क्रीनच्या रंगांची. प्रेसवर ती सीएमवायके (छपाईच्या निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार शाया) केली की काळी अक्षरं चार शाईंची होतात, आणि मशीनवर प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांच्या शिरोरेषेला रंगीत सावली पडते. म्हणून फाइल थेट पाठवू नका. अक्षरांचे पाथ (म्हणजे कर्व्हच) करून ती स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या. तिथे आयात झालेले रंग यादीत वेगळे दिसतात. त्यातला काळा उघडून सी, एम, वाय शून्य आणि के १०० करा, मग सीएमवायके पीडीएफ काढा. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी जादा रंग, ठेवा.

फॉन्टवर पैसे घालवू नका. मुक्ता, बालू, हिंद हे फॉन्ट मोफत आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या.

कागद आणि फ्लेक्स

हँडबिलाचा आकार मनाने ठरवू नका. डेमी कागद १८ बाय २३ इंचांचा. एफोरची लांबी ११.७ इंच, म्हणजे दोन एफोर लांबीत लावले की २३.४ इंच होतात आणि मावत नाहीत. प्रेस मोठा कागद घेते, बिल वाढतं. तेच हँडबिल साडेआठ बाय अकराचं केलं तर एका डेमीत ब्लीडसकट चार बसतात. प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते, त्यामुळे दोनच रंगांत भागत असेल तर चाराऐवजी दोन प्लेटा लागतात.

फ्लेक्सचं तसंच. सात फुटांचा बॅनर आठ फुटी रोलमधून निघतो आणि उरलेली पट्टी बहुतेक ठिकाणी बिलात धरतात. काम घेण्याआधी दुकानात रोलची रुंदी विचारा. मोठ्या फ्लेक्सला पूर्ण मापात ७२ ते १०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतं.

बाकीचं

वर्गणीचे भाव १८ टक्के जीएसटी धरून ताडा. जीएसटीची नोंदणी नसेल तर तो कर परत मिळत नाही. महिन्याच्या हप्त्यावरची वर्षाची वर्गणी मध्येच सोडली तर दंड पडू शकतो, तेव्हा नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

प्रूफसाठी, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यासाठी, इंकजेट प्रिंटर घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पंधरा दिवस बंद राहिला की शाई हेडमध्ये वाळू शकते, आणि हेड साफ करण्यातच बरीच शाई जाते. प्रूफ बाहेरून काढा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधारवर होते. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.