उन्हाच्या गावात दिवा: छोट्या तंबूसाठी परवडणारा ग्रो लाइट कसा निवडावा

घरात ग्रो टेंट, म्हणजे झाडं वाढवायचा बंद तंबू, उभा करून त्यात उन्हाऐवजी झाडांना उजेड देणारा दिवा (ग्रो लाइट) लावला, तेव्हा आई म्हणाली, "इथं फुकटचं ऊन सांडून चाललंय, अन् तू कामून उजेड इकत आणलास रे?"

प्रश्न रास्त होता. लातुरात उजेडाची वाण कधीच नव्हती. वाण पाण्याची, 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. मे महिन्यात गच्चीवरच्या कुंडीत सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. बेचाळीस अंशांत धने नीट उगवत नाहीत, आणि उगवलेच तर चार पानांवर फुलायला लागतात. हेच पीक घरातल्या सावलीच्या खोलीत, बंद तंबूत, तांब्याभर पाण्यावर निघतं. तिथं ऊन तेवढं पोचत नाही, म्हणून दिवा.

माझा पहिला दिवा मी खोक्यावरचा आकडा बघून घेतला. ठळक अक्षरांत 1000 वॅट, उजेड जांभळा. खिडकीतून तो गल्लीत पडायचा आणि शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या की घरात काय चाललंय. मिरचीची रोपं मात्र लांब माना काढून आडवी झाली. तो दिवा प्रत्यक्षात किती वीज घेतो ते मोजलं तेव्हा कळलं: जेमतेम 100 वॅट.

आधी जागा आणि पीक

दुकानात किंवा मोबाइलवर दिवे बघायच्या आधी तंबूचा तळ मोजा. 2 बाय 2 फुटांचा तंबू म्हणजे 4 चौरस फूट. कोथिंबीर, पालक, मेथी अशा पालेभाजीला चौरस फुटाला 12 ते 15 वॅट धरा, म्हणजे या तंबूला 50-60 वॅट पुरतात. मिरची किंवा टोमॅटो फळापर्यंत न्यायचा असेल तर हिशेब दुप्पट, 100 ते 120 वॅट. नुसती रोपं तयार करून कुंडीत लावायची असतील तर यापेक्षाही कमी चालतं. हे वॅट विजेच्या मीटरवर पडणारे. खोक्यावर छापलेले नव्हेत.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी घरात फळभाजीच्या नादी लागू नका. दिवा, वीज आणि उष्णता, तिन्हींचा खर्च दुप्पट होतो आणि त्याच मिरच्या मंडईत स्वस्त मिळतात.

खरे वॅट असे काढा

विक्रेत्याला "अ‍ॅक्च्युअल पॉवर ड्रॉ किती?" एवढंच विचारा. सरळ आकडा न सांगता "हजार वॅटच्या तोडीचा आहे" असं म्हणाला तर पुढचा दिवा बघा. दोन दिव्यांची तुलना करताना किंमत भागिले खरे वॅट, हा भागाकार करा. स्वस्त वाटणारा दिवा इथं बऱ्याचदा महाग निघतो.

घरी आणल्यावर पडताळणी करायला वेगळं यंत्र लागत नाही. विजेच्या डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh किंवा 1600 imp/kWh असं छापलेलं असतं. एका युनिटला तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचा प्लगसुद्धा काढा, फक्त ग्रो लाइट चालू ठेवा आणि दहा मिनिटं मोजा. मोजलेल्या आकड्याला 6000 ने गुणा आणि मीटरवरच्या 3200 ने (किंवा जो आकडा असेल त्यानं) भागा. 32 वेळा लुकलुकला तर दिवा 60 वॅटचा. मी हे पायरीवर बसून केलं, काकू पुन्हा बघत होत्या.

जांभळा की पांढरा

पांढरा घ्या. झाडं 400 ते 700 नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात आणि चांगल्या पांढऱ्या एलईडीत तो सगळा पट्टा येतो. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की कीड लागलीय ते दिसतच नाही, हा मला झालेला खरा त्रास. माहितीपत्रकात "मायक्रोमोल प्रति ज्यूल" असा आकडा, म्हणजे तेवढ्याच विजेत झाडांना किती उजेड मिळतो ते माप, असेल तर तो बघा: अडीचच्या आसपास उत्तम, दीडच्या खाली विजेची नासाडी. सॅमसंगचे एलएम301 मालिकेतले डायोड (दिव्यातले उजेड देणारे बारीक ठिपके) असल्याचा दावा बरेच जण करतात. दाव्यापेक्षा हा आकडा आणि खरे वॅट एकत्र जुळतात का ते पाहा.

अगदीच बजेट नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या साध्या 2 फुटी, 10 वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या चार-पाच ओळीनं बांधा. रोपं आणि कोवळी मेथी त्यावर व्यवस्थित येतात. यात कमीपणा काही नाही, मी अजून वापरतो.

पांढरा दिवा घेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मोबाइलच्या लक्स मीटर अ‍ॅपनं उजेड ढोबळ मोजता येतो. पानांच्या उंचीवर फोन आडवा धरा, आलेला आकडा 70 ने भागा. हे उत्तर म्हणजे झाडाला वापरता येणाऱ्या उजेडाचा अंदाज; पालेभाजीला ते 200 ते 250 यायला हवं, म्हणजे साधारण 15,000 लक्स. चारही कोपऱ्यांत मोजा. कोपऱ्यात मधल्यापेक्षा निम्माच उजेड असेल तर दिवा थोडा वर घ्या.

व्होल्टेज आणि उष्णता

आपल्याकडे दिवा मरतो तो बहुतेक ड्रायव्हरमुळे, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणाऱ्या डबीमुळे. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि लाइट जाऊन आली की उसळतं. ड्रायव्हरवर इनपुट 100 ते 265 व्होल्ट लिहिलेलं असेल तर निश्चिंत. नुसतं 220-240 असेल तर नको. ड्रायव्हर सुटा असलेला दिवा मिळाला तर उत्तम, कारण तो तंबूबाहेर टांगता येतो आणि त्याची उष्णता बाहेरच राहते. पत्र्याच्या बॉडीचा दिवा तीन पिनांचाच हवा, अर्थिंग चालू असलेल्या बोर्डावर. खाली पाणी आणि वर वीज, इथं काटकसर करू नका.

दिव्याला दिलेली वीज शेवटी उष्णताच होते. म्हणून मराठवाड्यात दिवा दिवसा लावायचा नाही. संध्याकाळी सात ते सकाळी सात लावा, दुपारी झाडांची रात्र होऊ द्या. पालक आणि कोथिंबिरीला बारा तास भरपूर झाले. सोळा-सोळा तास उजेड दिला की ती लवकर फुलावर येतात. 55 वॅटचा दिवा बारा तास म्हणजे महिन्याला साधारण 20 युनिट. तुमचं बिल 100 युनिटच्या काठावर असेल तर हे 20 युनिट वरच्या दरात जातील, तेवढं आधी पाहून ठेवा.

टायमर डिजिटल आणि आत बॅटरी असलेला घ्या. चकतीचा टायमर लाइट गेली की थांबतो. आठवड्यात चार वेळा लाइट गेली की रात्रीचा दिवा भर दुपारी लागलेला सापडतो. दिवा इन्व्हर्टरवर मात्र जोडू नका. दोन तास अंधार पडला म्हणून कोथिंबीर मरत नाही.

टांगताना

सुरुवात पानांपासून दीड फुटावर करा. रोपं लांब मानेची, फिकी व्हायला लागली तर दिवा रोज दोन बोटं खाली आणा. वरच्या पानांच्या कडा वळल्या किंवा पांढुरक्या झाल्या तर तसाच वर न्या. मीटरवरची मोजणी आणि कोपऱ्यांतली लक्स तपासणी पहिल्या आठवड्यातच उरका, परत करण्याची मुदत संपायच्या आत; आणि तोवर खोकं रद्दीत घालू नका.