दुधाच्या पुरवठा साखळीचे मोजमाप : या चुका टाळा

गावच्या डेअरीत दूध लिटरमध्ये घेतले जाते आणि दूध संघाच्या प्रकल्पात तोच टँकर काट्यावर किलोत मोजला जातो. हिशेबातल्या बऱ्याच गोंधळाची सुरुवात येथूनच होते. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते, त्यामुळे गावातून निघालेल्या १,००० लिटरचे वजन १,०३० किलोच्या आसपास यायला हवे. काट्यावर १,०१० किलो आले, तर नोंदवहीत दहाची वाढ दिसते. प्रत्यक्षात मात्र सुमारे २० किलो दूध वाटेतच कमी झालेले असते. म्हणून संकलन केंद्र, बल्क कूलर (दूध थंड ठेवणारी मोठी टाकी), टँकर आणि प्रकल्प या चारही ठिकाणी एकच एकक ठरवून घ्यावे.

दुसरी चूक सरासरीची आहे, आणि ती अधिक महागात पडते. समजा, एका केंद्रावर म्हशीचे ९०० लिटर दूध ६.० टक्के फॅटचे (स्निग्धांशाचे) आणि गायीचे १०० लिटर ३.५ फॅटचे आले. दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मे केले की ४.७५ येते, पण दुधाच्या प्रमाणात काढलेली खरी सरासरी ५.७५ आहे. प्रकल्पात त्या दुधाला ५.७ फॅट लागली, तर चुकीच्या सरासरीवर विसंबलेला व्यवस्थापक खूश होतो, आणि हजार लिटरमागे रोज सुमारे अर्धा किलो फॅट कुठे जाते हा प्रश्न कोणी विचारतच नाही. टक्केवारीऐवजी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) यांचा ताळेबंद किलोत मांडला, तर ही गळती त्याच दिवशी उघडी पडते.

फॅट कमी लागली की डेअरीच्या सचिवावर किंवा टँकरचालकावर संशय घेण्याची आपल्याकडे घाई असते. त्याआधी नमुना कसा घेतला ते पाहावे. उभ्या राहिलेल्या दुधात साय वर येते, त्यामुळे कॅन नीट न ढवळता वरचे दूध घेतले तर फॅट जास्त आणि तळाचे घेतले तर कमी दिसते. लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधाची घनता पाहणाऱ्या उपकरणाची, डिग्रीही तापमानानुसार बदलते. गावात धारोष्ण दुधाची आणि प्रकल्पात थंड दुधाची डिग्री घेऊन, तापमानाची दुरुस्ती न करता, दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. बल्क कूलरची मोजपट्टी फेस बसल्यावर आणि ढवळणी बंद असतानाच वाचावी.

खानदेशात खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते, कारण भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सकाळी टँकर भरताना कूलरवर ४ अंश दिसले म्हणून शीतसाखळी उत्तम चालली, असा निष्कर्ष काढू नये. रात्री वीज गेली असेल, किंवा थंड दुधात सकाळचे कोमट दूध ओतल्यावर तापमान पुन्हा वर गेले असेल, तर तो एकच आकडा त्यातले काहीच सांगत नाही. दूध काढल्यापासून ४ अंशांवर येईपर्यंत किती वेळ लागला, हे नोंदवणे अधिक उपयोगाचे ठरते. प्रकल्पाच्या दारात नासलेले म्हणून परत पाठवलेले कॅन कित्येकदा कोणत्याच खात्यात धरले जात नाहीत. तेही तोटा म्हणूनच मोजावेत.

मे महिन्यातील संकलनाची तुलना जानेवारीशी करून केंद्राला नापास ठरवणे हाही अन्यायच होय. हिवाळ्यात दूध वाढते आणि उन्हाळ्यात आटते, तेव्हा मागील वर्षीच्या मे महिन्याशीच ताडून पाहावे.

एवढे करूनही एखाद्या मार्गावर घट दिसत राहिली, तर काही दिवस टँकर बदलून मार्ग तोच ठेवावा. घट टँकरबरोबर दुसऱ्या मार्गावर गेली, तर टाकी, झडप आणि सील तपासावे. मार्गावरच राहिली, तर त्या मार्गावरील केंद्रांची मापे आणि फॅट मशीनची जुळणी एकेक करून पाहावी.