बालसंरक्षणात नव्याने येताय? गृहभेटीचा अहवाल आधी शिका

समाजकार्यात एमएसडब्ल्यू ही पदवी घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात रुजू झालेली मुलं-मुली प्रशिक्षणाला येतात, तेव्हा कायदा बऱ्यापैकी पाठ असतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीसमोर) हजर करायचं, सामाजिक तपासणी 15 दिवसांत पुरी करायची, हे सगळे सांगतात. गाडी अडते ती अहवाल लिहिताना, म्हणून मी सर्वांत जास्त वेळ त्यालाच देते.

साखर कारखान्याच्या तळावरची, ऊसतोड मजुरांच्या वस्तीतली गृहभेट घ्या. पहिल्या मसुद्यात हमखास वाक्य येतं, ‘आई निष्काळजी आहे.’ मी विचारते, तू पाहिलंस काय? मग एकेक बाहेर येतं. नवराबायको पहाटे अंधारात उसाच्या फडात गेलेले, कोपीत (झोपडीत) थोरली मुलगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली, टोपल्यात भाकरी फडक्याखाली झाकून ठेवलेली, शेजारच्या कोपीतली म्हातारी अधूनमधून डोकावणारी. आई का थांबली नाही? कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, खाडा केला की मजूर आणणारा मुकादम पैसे कापतो. हे सगळं अहवालात यायला हवं. ‘निष्काळजी’ एवढंच वाचलं तर समिती मुलांना बालगृहात पाठवण्याचा विचार करील. म्हातारी आणि भाकरी कागदावर असली, तर पुढच्या हंगामात थोरलीला गावातच, ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, मूल कुटुंबात वाढावं म्हणून मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेच्या निकषात कुटुंब बसतं का, हे प्रश्न तरी निघतील.

मुलांशी मुकादमासमोर बोलू नका. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते. मग दिलेलं वचन मोडतं आणि त्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन’, हे खरं आहे, तेच सांगा. अशा वेळी कुटुंबाची गरिबी बघून मन विरघळू देऊ नका. मुलाची सुरक्षा आधी.

सुरुवातीचे काही महिने प्रत्येक अहवाल समितीकडे जाण्याआधी अनुभवी सहकाऱ्याला वाचायला द्या. संस्थेत ठेवण्याची शिफारस करत असाल, तर मूल घरी राहावं म्हणून काय काय करून पाहिलं तेही लिहा. 2015 च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि समितीने तुम्हाला नेमकं तेच विचारायला हवं.