उजवीकडचा लगेचचा मोठा आकडा: सॉर्टेड मॅपने टाइम लिमिट सुटलं

कोडिंगच्या एका प्रश्नात छोटे टेस्ट पास, पण ॲरे (आकड्यांची यादी) 2,00,000 चा झाला की टाइम लिमिट, म्हणजे ठरलेल्या वेळेत प्रोग्राम संपेना. प्रत्येक आकड्याच्या उजवीकडचा, त्याच्याइतका किंवा मोठा असा सर्वांत लहान आकडा शोधून त्याचा इंडेक्स (यादीतली जागा) हवा होता. दोन लूपमध्ये सुमारे 2,000 कोटी तुलना होतात. हॅश मॅप (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारी रचना) घ्यावा, तर त्याला क्रमच नसतो. फार वैताग आला.

सी प्लस प्लसच्या मॅपने सुटलं, तो की चढत्या क्रमाने ठेवतो. की म्हणजे आकडा, व्हॅल्यू म्हणजे इंडेक्स. ॲरे शेवटाकडून चाला. आधी लोअर बाउंड, म्हणजे चालू आकड्याइतकी किंवा मोठी अशी पहिली की, शोधा. एंड आला (अशी की नाहीच) तर उणे एक, नाहीतर त्याची व्हॅल्यू. मगच चालू आकडा मॅपमध्ये घाला, नाहीतर तो स्वतःलाच सापडतो.

आणि इंदूरच्या आमच्या अभ्यासगटात पुष्कळजण अडकतात ती जागा: लोअर बाउंड मॅपचंच मेंबर फंक्शन हवं. अल्गोरिदम हेडरमधलं त्याच नावाचं फंक्शन मॅपवर एकेक पाऊल सरकतं, म्हणून हळू पडतं. जावात याच कामासाठी ट्रीमॅपचं सीलिंगएंट्री वापरा.