पुंगळीचं बूड वाचायला शिका : रायफलच्या काडतुसातले प्रायमर

इंदूरमध्ये नेमबाजी शिकणाऱ्याच्या हाती बहुधा आधी एअर रायफल येते, मग .२२. या दोन्हींमध्ये प्रायमरचा, म्हणजे ठोका बसताच पेटून काडतुसातली दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीचा, विचार करायची वेळच येत नाही. एअर रायफलला दारू लागत नाही. .२२ लाँग रायफलच्या काडतुसात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) बुडाच्या कडेच्या आतल्या पोकळीत असतं आणि फायरिंग पिन ती कडाच चेपते. त्यामुळे .२२ची पुंगळी एकदा उडाली की तिचं काम संपलं, ती पुन्हा भरता येत नाही. .३१५, .३०-०६, .३०८ अशा सेंटरफायर रायफलींकडे वळलं की बुडाच्या मधोमध ती छोटी गोल टोपी दिसते. पुंगळी पुन्हा भरण्याजोगी आहे का, नळी आजच धुवायला हवी का, दाब बेताबाहेर गेला होता का, या सगळ्याचा माग तिथेच लागतो.

कायद्याचं आधी सांगून टाकू, कारण यात गफलत महागात पडते. शस्त्र अधिनियम, १९५९च्या व्याख्येनुसार काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री हेही ‘दारूगोळा’च आहेत. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. म्हणजे बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी बसून काडतुसं भरता येतील, असं नाही. महूकडच्या लष्करी रेंजच्या किंवा रेवती रेंजच्या आसपास पडलेली पुंगळी उचलून घरी आणणंही टाळा. पुढची माहिती कायदेशीर मार्गाने मिळालेल्या काडतुसांची पारख करण्यासाठी आहे, आणि परवानाधारक जागी रीलोडिंग, म्हणजे पुंगळ्या पुन्हा भरणं, कसं चालतं ते समजून घेण्यासाठी.

प्रायमरच्या रचनेतला मुख्य भेद बॉक्सर आणि बर्डन हा. दोन्ही रचना १८६६च्या आसपासच्या. हायरम बर्डन अमेरिकन, एडवर्ड बॉक्सर ब्रिटिश लष्करी अधिकारी. पण बर्डनची पद्धत युरोपात रुजली आणि बॉक्सरची अमेरिकेत. फरक आहे तो ऐरणीचा. पिनचा ठोका बसला की मिश्रण टोपी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं आणि पेटतं. बॉक्सरमध्ये ही ऐरण प्रायमरच्याच आत बसवलेली असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, साधारण २ मिलिमीटरचं. बर्डनमध्ये ऐरण म्हणजे पुंगळीच्या खळग्यातलाच उंचवटा, आणि ज्वाला आत जायला त्याच्या बाजूला बहुधा दोन बारीक भोकं.

बाहेरून टोपी पाहून हा फरक कळत नाही, पितळेच्या रंगावरूनही नाही. उडालेली पुंगळी उभी धरा, तोंडातून बारीक टॉर्चचा उजेड सरळ तळाशी सोडा. मधोमध एक गोल भोक दिसलं तर बॉक्सर. मधला भाग बंद आणि दोन्ही बाजूंना सुईच्या नाकाएवढी दोन भोकं दिसली तर बर्डन. एकेक पुंगळी अशी पाहूनच वेगळी करावी. एकाच पिशवीत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. बर्डन पुंगळी डीकॅपिंग डायमध्ये (जुना प्रायमर ढकलून काढणाऱ्या साच्यात) घातली तर मधली पिन भोकाऐवजी थेट ऐरणीवर आदळते, वाकते किंवा तुटते. बर्डन काढायची आकड्याची किंवा पाण्याच्या दाबाची हत्यारं असतात. पण बर्डन प्रायमर ४.५, ५.५, ६.४५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या व्यासांत येतात आणि मिळवणं अवघड. खटपटीच्या मानाने हाती फारसं लागत नाही, म्हणून बर्डन पुंगळ्या सरळ बाजूला काढाव्यात. जुन्या लष्करी .३०३ काडतुसांत बर्डनच जास्त दिसतात. पुंगळीला लोहचुंबक चिकटला तर ती पोलादी; तीही भरण्याच्या कामाची नाही.

बॉक्सरमध्ये रायफलसाठी दोन मुख्य मापं : लार्ज रायफल, व्यास ०.२१० इंच (५.३३ मिमी), आणि स्मॉल रायफल, ०.१७५ इंच (४.४५ मिमी). पिस्तुलाचे प्रायमर व्यासाला हेच असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. लार्ज पिस्तूल प्रायमर उंचीला कमी असतो. तो रायफलच्या पुंगळीत खोल बसतो आणि ठोका नीट पोचत नाही. स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल उंचीलाही जवळपास सारखेच, पण पिस्तुलाच्या टोपीचा पत्रा पातळ. रायफलच्या दाबाला तो फाटू शकतो आणि गरम वायू बोल्टमधून (रायफल मागून बंद करणाऱ्या दांड्यातून) मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. डबीवरचं नाव वाचल्याशिवाय प्रायमर ट्रेमध्ये ओतू नये, ते यासाठी.

कॅलिबर एकच म्हणून मापही एकच, असंही धरून चालू नका. .३०८च्या बहुतेक पुंगळ्या लार्ज प्रायमरच्या, पण लापुआ कंपनीची पाल्मा पुंगळी स्मॉल प्रायमरची आहे आणि तिचं भोकही १.५ मिलिमीटरचंच. नेहमीची डीकॅपिंग पिन तिथे अडकते. जोर लावला तर पिन मोडते किंवा भोक वाकडं होतं.

मॅग्नम प्रायमरची ज्वाला जास्त जोरकस आणि जास्त वेळ टिकणारी. मोठ्या पुंगळीतली भरपूर दारू, पेटायला जड बॉल पावडर किंवा कडक थंडी असेल तर त्याचा उपयोग. साध्याच्या जागी मॅग्नम घातला तर दाब वाढू शकतो, म्हणून प्रायमर बदलला की पावडर उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढत यावं लागतं. मॅच प्रायमर एकसारखेपणासाठी निवडून बनवलेले असतात. लष्करी धाटणीच्या प्रायमरची संवेदनशीलता कमी ठेवलेली असते, कारण सैल फायरिंग पिनच्या रायफलीत बोल्ट बंद होतानाच पिन टोपीला हलकेच टेकते.

खळग्याकडे मात्र सावकाश पाहावं. लष्करी पुंगळीत प्रायमर जागेवरून सरकू नये म्हणून कडा दाबलेली असते. टोपीभोवती एक सलग वळ किंवा तीन-चार टोचे दिसतात. ही कडा स्वेजरने दाबून किंवा रीमरने कापून काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ जात नाही, तिरका होऊन चेपतो. रीमर जास्त फिरवला तर खळगाच सैल होतो. खळग्याच्या तळाची काजळी खरवडून काढावी, नाहीतर प्रायमर उंच राहतो. बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर खाली हवा. पुंगळ्या सपाट काचेवर उभ्या ठेवल्या की उंच राहिलेल्या लगेच डुगडुगतात. उंच प्रायमरवर पिनचा पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच वाया जातो आणि काडतूस उडत नाही. प्रायमर अगदी विनासायास आत सरकला तर खळगा सैल झाला आहे. ती पुंगळी बाद करावी.

उडालेली टोपीही बोलते, पण एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये. कडा गोल राहिल्या, पिनचा खड्डा गुळगुळीत, तर ठीक. टोपी सपाट होऊन खळगा काठोकाठ भरली तर दाबाचा संशय घ्यावा. मात्र हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मागेपुढे उरणारी मोकळी जागा) जास्त असेल तरी प्रायमर आधी मागे सरकतो, मग बुडाने दाबला जाऊन तसाच सपाट दिसतो. खड्ड्याभोवती उचललेली कडा दाबामुळे किंवा बोल्टमधलं पिनचं भोक मोठं असल्यामुळे असू शकते. टोपीभोवती काजळीचं कडं म्हणजे वायू गळतोय. भोक पडलेली टोपी दिसली तर त्या दिवशीची फायरिंग तिथेच थांबवा. बुडाच्या थोडं वर चकचकीत वलय दिसत असेल तर टोक वाकवलेली तार आतल्या भिंतीवरून फिरवा. खाच लागली तर पुंगळी तिथून तुटायच्या बेतात आहे.

काडतूस उडालं नाही तर बोल्ट उघडायची घाई नको. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावं. उशिरा पेटण्याची शक्यता असते.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. माळव्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरू शकतो. तेलात हे मीठ विरघळत नाही, नुसतं तेल लावलं तर ते खालीच राहतं. त्याच दिवशी नळी, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि बोल्टचं तोंड गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, मग तेल. पारायुक्त प्रायमरची गोष्ट वेगळी : पारा पितळात शिरून पुंगळी ठिसूळ करतो, म्हणून तसली पुंगळी कितीही चांगली दिसली तरी बाद. आजचे बहुतेक प्रायमर लेड स्टिफनेटचे. ते नळी गंजवत नाहीत, पण त्यांच्या धुरात आणि धुळीत शिसं असतं. पुंगळ्या हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय पोहे-जिलबीकडे वळू नका.

प्रायमर नेहमी मूळ खोक्यातच ठेवावेत. त्या ट्रेमध्ये प्रत्येक प्रायमर वेगळा बसवलेला असतो, तो एकाचा भडका बाकीच्यांना लागू नये म्हणून. काचेच्या बरणीत एकत्र ओतले तर एक पेटला की सगळे एकदम पेटतात. तेलकट बोटांनी टोपीला आतल्या बाजूने हात लावू नये, प्रायमर निकामी होऊ शकतो. आणि न उडालेला प्रायमर बसलेली पुंगळी डीकॅप करायला घेऊ नये. ती वेगळी ठेवून परवानाधारक आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्यावी.